मॅनेजरसाहेब, ही ओळ वाचा

फुटबॉल क्लबची टीम जाहीर झाली तेव्हा चष्मेवाले एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होते. फोनवर अकरा नावं आली. त्यांनी ती वाचली, स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि "अरे, हे चाललंय तरी काय!" असं इतक्या जोरात ओरडले, की बाईंना वाटलं आपली दांडी मोडली. दांडी धडधाकट होती. हबकले होते ते चष्मेवाले. डाव्या बाजूला परत लाडोबा! आणि भाचा परत बाकावर!

लाडोबा हे काही त्या खेळाडूचं खरं नाव नव्हे. आईबापांनी बरं नाव ठेवलं होतं, पण मॅनेजर त्याला दर मॅचला खेळवायचे आणि तो दर मॅचला फारसं काही करायचा नाही, म्हणून लोकांनी नवं बारसं केलं. आणि भाचा म्हणजे चष्मेवाल्यांच्या ताईचा मुलगा. पायात वीज, डोक्यात थोडी हवा, पण ती वयाची असते. अख्खा सीझन पोरगा बाकावर बसून होता. आता मॅचेस संपत आल्या होत्या. सीझनभरात जो एकदाही मैदानात उतरला नाही त्याला क्लब पुढल्या वर्षी ठेवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसं झालं तर भाच्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी बाथरूमच्या टाइल्सच्या गोदामात जागा बघून ठेवली होती. तेवीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा टाइल्स मोजणार!

"बाळ, तू मामा आहेस ना त्याचा?" ताईने फोनवर विचारलं होतं. पन्नाशी उलटून गेलेल्या, ढेरी सुटलेल्या माणसाला बाळ म्हणणारी ती जगात एकटीच उरली होती. "मग तुझ्या त्या दुकानात एवढे फुटबॉलवाले जमतात, कुणाकडून तरी एक शब्द टाक की मॅनेजरकडे!"

फुटबॉलवाले जमायचे हे खरं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बेताचं, पण खुर्च्या भरपूर. शिवाय पंखा. त्यामुळे समोरचा शिंपी आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियरसाहेब हे दोघे दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर असत. कधी कधी चष्मेवाल्यांनाच वाटायचं, आपण यांच्या दुकानात आलोय.

"नातं आहे," शिंपी म्हणाला. त्या दिवशी तो टेप गळ्यात तसाच घेऊन आला होता, इतका खवळला होता. "लिहून ठेवा. लाडोबा हा मॅनेजरच्या बायकोच्या माहेरचा."

"कशाला नातं हवं?" कॅशियरसाहेब म्हणाले. "माणसाला एखादा माणूस आवडतो. आमच्या ब्रँचमध्ये एक शिपाई होता, काडीचं काम करायचा नाही, पण मॅनेजरला त्याच्याच हातचा चहा लागायचा. आम्ही म्हणायचो, अहो, चहा मशीनचा आहे! तरी नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा जगाचा न्याय आहे."

"म्हणजे पक्षपातच की!"

"पक्षपातच. पण नात्याशिवायचा. तो जास्त वाईट."

यावर दोघांची जुंपली. नात्याचा पक्षपात वाईट की बिननात्याचा, यावर दोन सुशिक्षित माणसं किती वेळ भांडू शकतात हे ज्यांना पाहायचंय, त्यांनी कुठल्याही चष्म्याच्या दुकानात जाऊन बसावं. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढून मात्र गेल्या काही मॅचेस सरकत होत्या. मॅनेजर डोळे बारीक करून बघतात. कागद हात लांब करून वाचतात. मागल्या मॅचला तर त्यांनी बाहेर आलेल्या समोरच्या टीमच्या खेळाडूची पाठ थोपटली होती! चष्मेवाले एकदम उठून उभे राहिले. आर्किमिडीज बाथटबमधून उठला म्हणतात, तो निदान एकटा होता.

"पक्षपात नाही!" ते म्हणाले. "नंबर आहे! मॅनेजरना चष्म्याचा नंबर आहे, आणि त्यांना पत्ताच नाही! लाडोबा डावीकडे खेळतो, म्हणजे बाकाच्या नाकासमोर. तेवढाच त्यांना दिसतो. जो दिसतो त्याला घेतात!"

"दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलतात ना पण?" कॅशियरसाहेबांनी विचारलं.

"तोवर मत बनलेलं असतं!"

एवढा सोपा उलगडा आपल्याला कसा सुचला नाही, म्हणून शिंपी स्वतःवरच चिडला. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या चष्मेवाल्यांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अहो, पण भाचा तर बाकावर त्यांच्या शेजारीच बसतो. मग तो कसा दिसत नाही त्यांना?"

"तुला फुटबॉलमधलं कळत नाही," चष्मेवाले म्हणाले. संसारात काही प्रश्नांना एवढंच उत्तर असतं.

बेत अगदी साधा होता, हे इथे चष्मेवाल्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मॅनेजरना सभ्यपणे निरोप द्यायचा की आमच्याकडे या, डोळे फुकट तपासून देतो. आपली सेवा, त्यांचं भलं, भाच्याचं कल्याण. निरोप पोचवायचं काम शिंप्याने अंगावर घेतलं, कारण क्लबच्या ऑफिसातल्या साहेबांच्या पँटी तो शिवायचा. जाताना म्हणाला, "तुमचा तो भिंतीवरचा तक्ता द्या दोन दिवस. जरा समजावून सांगायला बरा पडेल." चष्मेवाल्यांनी तक्ता दिला. वर मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी, असा तो साधा डोळे तपासायचा तक्ता. माणूस एवढ्या आपुलकीने मागतोय तर नाही कसं म्हणायचं?

रविवारी चष्मेवाले नेहमीसारखे स्टँडच्या अगदी वरच्या ओळीत जाऊन बसले. तिथून सगळं मैदान दिसतं आणि पाठ टेकायला भिंत मिळते. टीम मैदानात आली, लाडोबाने वाकून बुटाची नाडी बांधली, आणि समोरच्या स्टँडमध्ये काहीतरी पांढरं पांढरं उलगडायला लागलं. आधी त्यांना वाटलं कुणीतरी तंबू ठोकतंय. मग ते पूर्ण उलगडलं आणि चष्मेवाल्यांच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला.

त्यांचाच तक्ता! चार डबल चादरी जोडून केलेला! वर माणसाच्या उंचीचं काळ्या कापडाचं अक्षर, खाली उतरत गेलेल्या ओळी, सगळं कसं मापात. आणि डोक्यावर लाल पट्टी: "मॅनेजरसाहेब, ही ओळ वाचा!"

एवढ्यावर भागलं असतं तर माणूस बिचारा घरी जाऊन चहा प्यायला असता. पण शिंपी हा कारागीर माणूस होता. नमुना दिला की त्यातला टाका चुकवायचा नाही, ही त्याची शिस्त. मूळ तक्त्याच्या तळाशी चष्मेवाल्यांच्या दुकानाचं नाव होतं, पत्ता होता, फोन होता आणि "येथे नंबर काढून मिळेल" असं होतं. तेही सगळं त्याने इमानेइतबारे शिवलं होतं. वर चांदीच्या लेसची किनार लावली होती.

"ही ओळ वाचा! ही ओळ वाचा!" स्टँड गरजायला लागलं. हजार माणसांनी दोन्ही हातांची बोटं वळवून डोळ्यांवर चष्मे केले. चष्मेवाल्यांच्या शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कुणाची आयडिया हो ही? पायाच पडलं पाहिजे त्याच्या!" चष्मेवाले मफलर नाकापर्यंत ओढून घेऊन जिन्याकडे सरकले. मैदानात मॅनेजर वळले, चादरीकडे बघितलं, डोळे बारीक केले. स्टँडमध्ये हास्याचा असा काही स्फोट झाला की रेफ्रीला वाटलं गोल झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर फोटो! चादर स्पष्ट, दुकानाचं नाव स्पष्ट, फोन नंबर तर इतका स्पष्ट की सकाळी सातपासून वाजायला लागला. निम्मे लोक शाबासकी द्यायला, निम्मे शिव्या द्यायला, आणि एक बिचारा खरंच नंबर काढायला.

"अरे, तू हे केलंस काय!" चष्मेवाल्यांनी शिंप्याला गाठलं. त्यांचा आवाज चिरकत होता. "खालचं कशाला शिवलंस?"

"तक्त्यावर होतं," शिंपी दुखावला. "कामात मी काही गाळत नाही. लेसचे पैसे तर मी वेगळे धरलेसुद्धा नाहीत."

मग सल्ले सुरू झाले. कॅशियरसाहेब म्हणाले, लगेच माफी मागा, प्रकरण वाढायच्या आत मिटवा. शिंपी म्हणाला, माफी मागितलीत तर संपलात, आता मागे हटायचं नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी.पी. बघून घ्या आधी. कुणीतरी म्हणालं, काही दिवस गावी निघून जा. चष्मेवाले म्हणाले, माझं गाव हेच आहे.

त्यात स्टेडियमच्या ऑफिसातून माणूस आला. मैदानात विनापरवाना जाहिरात लावली, खुलासा करा! चष्मेवाले धावतपळत तिथे गेले. खिडकीतल्या क्लार्कने पेपरातला फोटो समोर ठेवला.

"ही जाहिरात तुमची?"

"दुकान माझं. जाहिरात माझी नाही. ती काढून टाकलीच आहे हो."

"काढली कशी? परवानगी असलेली जाहिरात काढता येते. तुमच्या जाहिरातीला परवानगीच नाही. आधी लावायची परवानगी घ्या, मग काढायचा अर्ज करा."

"म्हणजे मी ती परत लावू?"

"आम्ही कुणाला काही लावायला सांगत नाही," क्लार्क गंभीरपणे म्हणाला आणि आपला चष्मा काढून खिडकीतून पुढे केला. "आलाच आहात तर ही दांडी जरा घट्ट करून द्या. सारखी घसरते."

चष्मेवाल्यांनी दांडी घट्ट करून दिली. अपमान गिळताना हाताला काम असलेलं बरं, असं त्यांना त्या वेळी वाटलं.

घरी आले तर ताईचा फोन. "बाळ, मी तुला शब्द टाकायला सांगितलं होतं की चादर? पोरगा कालपासून जेवला नाही माझा! आता जन्मात खेळवणार आहेत का ते त्याला? अरे, मामा म्हणतात तो असा असतो?"

ताईचं खरं होतं. चष्मेवाले भाच्याचं भलं करायला निघाले आणि स्वतःच्या हाताने पोराचं मैदान बंद करून बसले. लाडोबा, चादर, पेपर, सगळं गेलं चुलीत, पण तो पोरगा आता खरोखर गोदामात जाणार! ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले. बायकोने न बोलता चहाचा कप हातात दिला. ती टोमणा मारेल असं त्यांना वाटत होतं. तिने मारला नाही, तेव्हा तर त्यांचा धीरच सुटला.

मंगळवारी सकाळी दुकानात तेच नेहमीचे बसलेले असताना दारातला उजेड अडला. चष्मेवाल्यांनी मान वर केली. दारात मॅनेजर उभे होते. मागे मान खाली घातलेला भाचा. रस्त्यावर तोवर पंचवीस-तीस माणसं गोळा झालीसुद्धा होती.

शिंपी चटकन खुर्चीतून उठला आणि आपण या दुकानात फक्त पंख्यासाठी आलो असल्याचा चेहरा केला.

"नंबर काढून मिळतो ना इथे?" मॅनेजर म्हणाले. आवाज थंड. "काढा."

चष्मेवाल्यांनी घाईघाईने समोरची खुर्ची पुसली. "साहेब, ते... चादरीचं..."

"आधी डोळे."

तक्ता परत भिंतीवर आलेला होता. मॅनेजर समोरच्या खुर्चीत बसले. चष्मेवाल्यांनी त्यांचा एक डोळा झाकला. मॅनेजरनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. मग दुकानाचं नाव, पत्ता, फोन वाचला आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, जे चष्मेवाल्यांना स्वतःला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या डोळ्यानेही तसंच.

बाहेर कुजबुज सुरू झाली. हजार लोकांपुढे ज्याला आंधळा ठरवला, त्याला गरुडाचे डोळे!

"पण तुम्ही डोळे बारीक करता..." ते कसेबसे म्हणाले.

"ऊन असतं समोर."

"मग लाडोबाला कशाला खेळवता हो?" शिंप्याला राहवलं नाही.

"आवडतो मला," मॅनेजर म्हणाले.

बाप रे! भर बाजारात, दिवसाढवळ्या, इतक्या माणसांदेखत! शिंपी आणि कॅशियरसाहेब एकमेकांकडे बघतच राहिले. ज्या गोष्टीवर सीझनभर घसा कोरडा केला, ती माणसाने सरळ कबूल करून टाकली. आता भांडायचं कशावर?

"मला आवडतो, कारण तो बॉल आपल्या माणसाला देतो," मॅनेजर पुढे म्हणाले. "रोज, न चुकता. तुमचा भाचा त्याच्या दुप्पट पळतो. पण गेल्या आठवड्यात सरावात त्याने तीनदा समोरच्यांना पास दिला आणि एकदा कॉर्नरच्या झेंड्याला हाक मारली. मी गोंधळलो होतो, हा असं का करतो म्हणून. तुमची चादर बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही माणूस चुकलात. आता ह्याचे तपासा."

"ह्याचे?" चष्मेवाल्यांना हसूच आलं. "साहेब, हा या दुकानात रांगला. ह्याला नंबर असता तर मला कळलं नसतं?"

त्यांनी भाच्याला खुर्चीत बसवलं. भाच्याने सगळ्या ओळी धाडधाड म्हणून दाखवल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. चष्मेवाल्यांची छाती फुगली. मॅनेजरनी उठून तक्ता खिळ्यावरून काढला आणि भिंतीला टेकवून खाली ठेवला. "आता परत म्हण."

भाचा समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत पहिल्या ओळीपासून सुरू झाला.

तिसऱ्या ओळीला भाच्याला काहीतरी जाणवलं आणि तो थांबला.

"पाठ आहे तुला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"लहानपणी इथेच खेळायचो ना मामा," भाचा पुटपुटला. "सगळीकडे हाच तक्ता असतो. क्लबच्या तपासणीलाही हाच होता."

"रस्त्याच्या पलीकडे बघ," मॅनेजर म्हणाले. "तिथे कोण उभं आहे?"

भाच्याने मान पुढे काढली, डोळे किलकिले केले, बराच वेळ बघितलं. "शिंपीकाका," तो म्हणाला.

शिंपी त्याच्या पाठीशी उभा होता. पलीकडे रस्ता ओलांडायला थांबलेली ताई होती. मॅनेजर मुलाला मामाकडे घेऊन गेलेत, हे ऐकून ती घरातल्या कपड्यांतच धावत आली होती. ती आत आली, तिला सगळं कळलं, आणि आधी काही क्षण तिला हेच सुधरेना की रडावं की पोराच्या कानाखाली द्यावी.

"जन्म दिला तुला मी! आणि मी शिंपी दिसते?" मग ती भावाकडे वळली. "आणि बाळ, तू! गावभर लोकांचे नंबर काढत फिरतोस!"

"सांगितलं का नाहीस रे?" चष्मेवाल्यांनी भाच्याला विचारलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण एवढा?

"काढून टाकतील असं वाटलं. एक खेळाडू कमी झाला तर कुणाचं काय जातं? म्हटलं अंदाजाने खेळू."

"लेन्स मिळतात," मॅनेजर म्हणाले आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "शेवटच्या मॅचला बघू. वशिला म्हणून नाही. पळतो म्हणून."

चष्मेवाल्यांनी त्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही. नंबर स्वतः काढला, तीनदा काढला, तिन्ही वेळा हबकले. लेन्स मागवल्या, भाच्याला समोर बसवून घालायला-काढायला शिकवलं. पहिल्यांदा लेन्स घालून पोरगा दुकानाबाहेर आला आणि समोरच्या झाडाकडे बघत उभाच राहिला. म्हणाला, "मामा, पानं वेगवेगळी असतात!" चष्मेवाल्यांना आत जाऊन नाक शिंकरावं लागलं.

पायरीवर मात्र चर्चा चालूच होती. "बघितलंत?" शिंपी कॅशियरसाहेबांना सांगत होता. "मामाने चादर फडकवली, भाचा टीममध्ये! याला वशिला नाही तर काय म्हणायचं?" चादर शिवली कुणी, हा मुद्दा त्याला गौण वाटत होता. कॅशियरसाहेब म्हणाले, "नात्याचा पक्षपात. बिननात्याच्यापेक्षा हा वाईट." एवढ्या दिवसांत त्यांचं मत उलटं फिरलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटची मॅच. बरोबरी चाललेली. दुसऱ्या हाफमध्ये मॅनेजरनी लाडोबाला बाहेर बोलावलं आणि भाचा आत गेला. वरच्या ओळीत चष्मेवाले छातीवर हात ठेवून बसले होते. पोरगा काय पळत होता! पास अचूक, आपल्याच माणसांना. स्टँड हळूहळू गप्प झालं, मग हळूहळू ओरडायला लागलं. आणि अगदी शेवटी तो क्षण आला. समोरचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल उघडा, बॉल भाच्याच्या पायाशी, मध्ये चिटपाखरू नाही. भाच्याने नेम धरला, लाथ मारली, आणि बॉल गोलवरून, जाळीवरून, स्टँडच्या पत्र्यावरून पलीकडच्या रस्त्यावर गेला.

त्या क्षणी चष्मेवाले कुणाचे मामा नव्हते, कुणाचा बाळ नव्हते. तीस वर्षांपासूनचा जुना फुटबॉलवाला त्यांच्यातून उसळून उठला. ते खुर्चीवर चढले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन गरगर फिरवले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "काढा त्याला बाहेर! गोदामात पाठवा, गोदामात!"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो. ते झटकन खाली बसले. आजूबाजूचे हजारजण तेच ओरडत होते, त्यात आपलं काय ऐकू जाणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मॅच बरोबरीत सुटली.

संध्याकाळी ते भीतभीतच ताईकडे गेले. ताईने दार उघडलं, चेहरा खुललेला. क्लबने आणखी एक वर्ष ठेवला होता! मॅनेजर म्हणाले होते, गोल काय, पुढल्या वर्षी मारेल, पास चांगले दिले. चष्मेवाल्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी भाच्याला कडकडून मिठी मारली. "शाब्बास रे पठ्ठ्या! मी म्हणत नव्हतो? आणि लेन्स कशा वाटल्या? त्रास नाही ना काही?"

"छे, एकदम झकास," भाचा त्यांच्याकडे शांतपणे बघत म्हणाला. "पार वरच्या ओळीतला माणूससुद्धा ओळखू येतो, मामा."